समासातला प्रश्न

लहान मुलांसोबतच्या इंटर्नशिपवरून सध्या जो वाद रंगलाय, त्यात दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात आणि दोघांच्याही बोलण्यात मूल कुठेच नसतं. एक पक्ष म्हणतो, शाखा कुठलीही असो, प्रत्येक विद्यार्थ्याला काही आठवडे बालवाडीत किंवा पाळणाघरात पाठवा. संयम येतो, मन मोठं होतं, माणूस घडतो. दुसरा पक्ष नाक मुरडतो: पोरं सांभाळण्याला कसली आलीये इंटर्नशिप? तेवढ्या वेळात एखादं कामाचं कौशल्य तरी शिकला असता. पहिल्याच्या वहीत जमेची बाजू, दुसऱ्याच्या वहीत खर्चाची. खातं मात्र एकाच माणसाचं, विद्यार्थ्याचं. ज्या पंचवीस मुलांच्या खोलीत हा माणूस घडणार आहे किंवा वाया जाणार आहे, त्यांच्या नावाचं पान कुणी उघडलेलंच नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. अशा कामाने विद्यार्थी बदलतो, हे मला मान्य आहे. मी स्वतः बदलले आहे. पण ‘स्वतःचा विकास’ हे त्या कामाचं उद्दिष्ट म्हणून कागदावर उतरलं, की ज्या वाटेने तो विकास व्हायचा तीच वाट बंद होते. ती वाट मुलाकडे नीट बघण्यातून जाते, आणि स्वतःकडे डोळे लावून बसलेल्याला मूल दिसत नाही. तेव्हा इंटर्नशिप हवी. तिचा अहवाल आपण ज्या पद्धतीने मागतो, ती पद्धत नको.

एकोणीस वर्षांची असताना मी एका बालवाडीत इंटर्नशिप केली. साडेतीन वर्षांचा एक मुलगा रोज आल्या आल्या दाराशी बसायचा आणि बुटाची वेल्क्रोची पट्टी लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा. बाकीची मुलं गोलात बसून गाणी म्हणत असायची, हा दाराशीच. तिसऱ्या दिवशी मी त्याच्यापुढे बसले, दोन सेकंदांत पट्टी नीट लावली आणि म्हटलं, ‘झालं! चल आता.’ त्याने असा गळा काढला की गाणं थांबलं. बूट भिरकावला, मला ढकललं. मी रागावले नाही, शेजारी बसून राहिले, आणि संध्याकाळी अहवालात झोकात लिहिलं: ‘या प्रसंगातून मी संयम शिकले.’ तिथल्या ताईंनी ते वाचलं. बोलल्या काहीच नाहीत. समासात पेन्सिलने एवढंच लिहिलं: ‘आणि मुलाने काय केलं?’

मला उत्तर देता येईना. तो त्या पट्टीचं नेमकं काय करतो हे मी पाहिलंच नव्हतं. मी माझा संयम पाहत होते. दुसऱ्या दिवशी लांब बसून पाहिलं. तो पट्टी दाबायचा, मान वाकवून कान बुटाजवळ न्यायचा आणि हळूहळू ओढायचा. मग पुन्हा दाबून एकदम खसकन ओढायचा. दोन्ही वेळचा आवाज वेगळा. त्याला बूट घालायचाच नव्हता. ओढण्याचा वेग बदलला की आवाज बदलतो का, हे तो तीन दिवस तपासत होता. मी त्याच्या हातातला प्रयोग काढून घेतला होता आणि वर स्वतःलाच संयमाचं प्रशस्तिपत्र दिलं होतं.

हे वाचून कुणी म्हणेल, एका बुटावरून केवढा सिद्धांत! पण बालशिक्षणाच्या इतिहासातली मोठी वळणं अशाच क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टींपाशी सापडतात. 6 जानेवारी 1907 रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरींचं पहिलं बालगृह उघडलं. बाई पेशाने डॉक्टर. तिथे साधारण तीन वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे त्यांच्या खाचांत बसवत होती, काढत होती, पुन्हा बसवत होती. माँटेसरींनी बाकीच्या मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणायला लावली. मग मुलगी बसली होती ती खुर्चीच उचलून टेबलावर ठेवली. मुलीने दट्टे मांडीवर गोळा केले आणि काम पुढे सुरू. चाळीसहून जास्त वेळा तिने ते केलं आणि मग, कुणी न थांबवता, समाधानाने थांबली. या गोष्टीत माँटेसरींचा संयम किती वाढला याचा उल्लेख कुठेच नाही. त्यांनी मोजलं होतं. लहान मूल क्षणभरही एका जागी टिकत नाही, या समजुतीला त्या मोजणीने तडा गेला, आणि पुढे मरेपर्यंतची 45 वर्षं त्यांनी याच कामात घालवली. एका डॉक्टरबाईच्या आयुष्याची दिशा बदलायला याहून वेगळं काय कारण शोधायचं?

आता विरोधकांचं सगळ्यात बळकट म्हणणं घेऊ, कारण ते टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही. ते म्हणतात, मुलं ही कुणाच्या सरावाची जागा नव्हे. अर्ध्या कच्च्या माणसाला तिथे सोडायचं, त्याने चुका करायच्या, शिकायचं आणि निघून जायचं. चुकांचा भार कोणी उचलायचा? हा प्रश्न खरा आहे, आणि शिकाऊ माणसाच्या हातून किती अनर्थ होऊ शकतो याचा इतिहासातला दाखला अंगावर काटा आणणारा आहे. 1840 च्या दशकात व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीचे विद्यार्थी शिकायचे, दुसऱ्यात सुईणी. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतरोगाने कितीतरी जास्त बायका मरायच्या. एप्रिल 1847 मध्ये तिथलं मृत्यूचं प्रमाण 18 टक्क्यांवर गेलं होतं. आधी चौकशी समितीने विद्यार्थ्यांच्या, त्यातही परदेशी विद्यार्थ्यांच्या, आडदांड तपासणीवर ठपका ठेवला आणि त्यांची संख्या घटवली. थोडे दिवस मृत्यू कमी झाले, पुन्हा वाढले. इग्नाझ झेमेलवाइस या डॉक्टराच्या लक्षात आलं, की हे विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतिगृहात येतात. मे महिन्यात त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. जूनमध्ये मृत्यू सुमारे 2 टक्क्यांवर आले.

या गोष्टीतून ‘विद्यार्थ्यांना आत सोडू नका’ असा निष्कर्ष निघतो का? तो निष्कर्ष तिथेही काढून पाहिला गेला आणि फसला. शिकणारे हात लागणारच. प्रत्येक कसलेला माणूस कधीतरी कच्चाच असतो. प्रश्न हात धुण्याचा आहे. मुलांच्या खोलीत शिरताना विद्यार्थ्याच्या हाताला काय लागलेलं असतं? मी म्हणेन, स्वतःबद्दलची उत्सुकता. मुलं मला जवळ करतील का, मी त्यांची लाडकी होईन का, रडणारं मूल माझ्या कडेवर शांत झालं की मला केवढं छान वाटेल! हे सगळं स्वाभाविक आहे आणि चारित्र्याचा दोष तर नाहीच. मृतदेहावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातालाही काही चारित्र्यदोष चिकटलेला नव्हता. पण धुतल्याशिवाय आत गेलं की त्रास दुसऱ्याला होतो.

हात धुणं म्हणजे काय, हे चांगल्या बालवाड्यांत जुन्या बायकांना पक्कं ठाऊक असतं. पहिले काही दिवस कोपऱ्यात बुटक्या खुर्चीवर बसायचं. आपणहून कुणाला उचलायचं नाही, हाका मारायच्या नाहीत, मूल जवळ आलं तर उत्तर द्यायचं. वहीत जे दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. ‘तो चिडला’ हे चालणार नाही. ‘ठोकळा फेकला, दाराकडे पाहिलं, अंगठा तोंडात घातला’ हे चालेल. ऐकायला सोपं, करायला फार अवघड. पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांची वाक्यं तपासली तर बहुतेक मतंच असतात: हट्टी आहे, लाजाळू आहे, हुशार आहे, आगाऊ आहे. मत पुसून कृती लिहायला लावली की माणूस हैराण होतो, कारण त्याला कळतं, आपण पाहिलेलंच नव्हतं. मी ज्याला विकास म्हणते तो या हैराणीपासून सुरू होतो.

बघण्याने माणूस किती दूर जातो, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण एका बॉयलरवाल्याचं आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड युद्धामुळे घराबाहेर पडलेल्या मुलांसाठी संगोपनगृहं चालवत होत्या. तिथे एक दंडक होता: कामाला असलेल्या प्रत्येकाने, मग तो कुणीही असो, मुलांबद्दल जे दिसेल ते कार्डावर लिहून द्यायचं. जेम्स रॉबर्टसन तिथे बॉयलर आणि अशी वरकड कामं बघायचा. त्यानेही कार्डं लिहिली. युद्धानंतर तो, आईपासून दुरावलेल्या मुलांचा अभ्यास करणारे मनोचिकित्सक जॉन बोल्बी यांच्या संशोधनात आला आणि रुग्णालयात एकट्या राहिलेल्या लहान मुलांकडे पाहू लागला. आईबापांना तेव्हा मुलांना भेटण्याची परवानगी फारच थोडी असे. परिचारिका म्हणायच्या, पहिले दोन दिवस रडतं, मग मूल रुळतं. रॉबर्टसनने पाहिलं, की ते रुळत नाही. आधी आक्रोश करतं, मग खचतं, मग नातंच तोडून बसतं, आणि या शेवटच्या अवस्थेला सगळे ‘शहाणं झालं’ म्हणतात. 1952 मध्ये त्याने एका दोन वर्षांच्या मुलीच्या रुग्णालयातल्या दिवसांचं चित्रण डॉक्टरांना दाखवलं, तेव्हा त्यातले अनेक जण त्याच्यावरच तुटून पडले. पण 1959 मध्ये ब्रिटनमधल्या सरकारी समितीने आईबापांना भेटू द्यावं, लहान मुलांजवळ आईला राहू द्यावं, अशा शिफारशी केल्या. बॉयलरवाल्याचा ‘व्यक्तिमत्त्व विकास’ कुठल्या रकान्यात भरायचा? असंख्य मुलांच्या उशाशी आई बसू शकली, हा त्याच्या वाढीचा पुरावा आहे.

आणि हेच उदाहरण आपल्या इंटर्नशिपवरही उलटतं, हे मला मान्य करायलाच हवं. सहा आठवड्यांसाठी येणारा विद्यार्थी मुलांना लळा लावतो आणि एका शुक्रवारी नाहीसा होतो. सोमवारी मुलं दाराकडे बघतात. दुसऱ्या महिन्यात दुसरा येतो. अशी माणसं वर्षभर येत-जात राहिली की काही मुलं कुणाकडेही पटकन जाऊ लागतात, कुणाच्याही कडेवर बसतात, आणि विद्यार्थी खूश होऊन लिहितो: ‘पहिल्याच दिवशी मुलांनी मला आपलंसं केलं.’ याचा आनंद मानायचा, की हे मूल नात्यांची फारशी अपेक्षाच ठेवेनासं झालंय का, असा संशय घ्यायचा? सगळीच तशी नसतात. काही मुलं मुळातच मोकळी असतात. पण फरक कळायला त्या मुलाला पुष्कळ दिवस पाहिलेलं असावं लागतं, आणि पाहुण्याकडे नेमके तेच नसतात. म्हणून रोज येऊन सहा आठवड्यांत उरकण्यापेक्षा आठवड्यातले दोन ठरलेले दिवस, वर्षभर, त्याच चार-पाच मुलांसोबत, असं काम मला जास्त पटतं. निघायची तारीख मुलांना आधी सांगायची. मुलांना काय कळतंय, असं म्हणणाऱ्याने एकदा सांगून पाहावं आणि ती काय विचारतात ते ऐकावं.

विरोधकांचा दुसरा मुद्दा फुकटच्या मजुरीचा. त्यात तथ्य आहे, आणि तोही जुना रोग आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेलने मद्रासच्या अनाथगृहात थोरल्या मुलांकडून धाकट्यांना शिकवून घेण्याची पद्धत बसवली. लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरने तशीच शाळा काढली. एका मास्तरात शेकडो मुलं भागत, म्हणून ती झपाट्याने पसरली. स्वस्ताई हाच तिचा मोठा गुण होता. आजही एखाद्या ठिकाणी दोन ताई कमी असतात आणि दोन इंटर्न जास्त असतात, तेव्हा विकासाची भाषा फार सोयीची पडते. पगाराऐवजी अनुभव, सुट्टीऐवजी प्रमाणपत्र. इथे माझं विरोधकांशी भांडण नाही. इंटर्नला खोलीतल्या मोठ्यांच्या संख्येत धरायचं नाही. तो उद्या आला नाही तरी खोली चालली पाहिजे.

याच ठिकाणी एक गोष्ट बोलून घेते, विषय थोडा बाजूला गेला तरी. मुलांच्या खोलीत दोन महिने काढणारा तरुण मुलगा असेल, तर त्याच्या बदललेपणाचं केवढं कौतुक होतं! त्याने नाक पुसलं, चड्डी बदलली, गोष्ट सांगितली. त्याच खोलीत वीस वर्षं हेच करणाऱ्या बाईच्या विकासावर कुणी परिच्छेद लिहिलेला मी वाचलेला नाही. तिच्यात ते ‘उपजतच’ असतं म्हणे. उपजत म्हटलं की शिकवायला नको, शिकवायला नको म्हणजे कौशल्य नाही, आणि कौशल्य नाही म्हणजे पगार वाढवायला नको. पोरं सांभाळण्याला कसली इंटर्नशिप, हा प्रश्न विचारणारे आणि मुलांमुळे मी माणूस झालो असं लिहिणारे, दोघंही या एका समजुतीवर उभे आहेत, की तिथे शिकण्यासारखं काम नाही. फार तर तिथे आपलं मन मऊ होतं.

पहिल्या पक्षाचा एक पुरावा मात्र वजनदार आहे. 1996 मध्ये टोरांटोत मेरी गॉर्डन यांनी ‘रूट्स ऑफ एम्पथी’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात एक तान्हं बाळ वर्षभर ठरावीक अंतराने शाळेच्या वर्गात येतं आणि मुलं त्याला काय हवंय, काय वाटतंय याचा अंदाज बांधतात. मग लहानग्यांच्या सहवासाने सहानुभूती वाढते, हे म्हणण्यात चूक काय? काहीच नाही. फक्त मांडणी बघा. बाळ आपल्या आईच्या किंवा वडिलांच्या जवळच असतं; कुणाच्या विकासासाठी ते त्यांच्यापासून दूर केलेलं नाही. वर्षभर एकच बाळ असतं. आणि वर्गाला प्रश्न विचारला जातो तो बाळाबद्दल. स्वतःच्या भावनांकडे मुलं नंतर वळतात, बाळाच्या वाटेने. म्हणजे ज्याचा दाखला देऊन सहा आठवड्यांची धावती भेट रेटायची, तोच उपक्रम ताईंच्या पेन्सिलीच्या बाजूने बोलतो.

‘पण आत्मपरीक्षण नको का?’ हा आक्षेप मला सर्वांत जास्त छळतो, कारण तो घेणाऱ्यांच्या बाजूला यानुश कोर्चाक उभे आहेत. वॉर्सामध्ये 1912 पासून अनाथ मुलांचं घर चालवणारा हा डॉक्टर शिक्षकांना बजावायचा, की मुलांना ओळखण्याआधी स्वतःला ओळखा. आधी ज्याला वाढवायचं ते मूल म्हणजे तुम्हीच. याच्याइतक्या अधिकाराने कोण बोलणार? 1942 च्या ऑगस्टमध्ये नाझींनी त्या मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं, तेव्हा सुटकेची संधी नाकारून कोर्चाक मुलांसोबत गेले. ते घर त्यांच्यासोबत चालवणाऱ्या स्टेफानिया विल्चिन्स्काही गेल्या. पण त्यांच्या घरात शिकाऊ विद्यार्थी कसे तयार होत, ते पाहा. विद्यार्थी तिथेच राहायचे, राहण्या-जेवणाच्या बदल्यात मुलांसोबत काम करायचे आणि वही लिहायचे. वहीत निरीक्षणं, अडलेले प्रसंग, प्रश्न. कोर्चाक आणि विल्चिन्स्का त्या वह्या वाचून उत्तरं लिहीत. म्हणजे स्वतःला ओळखायचं होतंच. पण त्यासाठी लावलेला आरसा मुलांच्या वागण्याचा होता. मी त्या मुलाच्या बुटाला हात लावला तेव्हा मला घाई होती, आणि ती घाई त्याच्यासाठी नव्हती. ताई बघताहेत, गोलात एक मूल कमी दिसतंय, याची होती. हे मला माझ्याबद्दल कळलं. पण ‘तुझ्यातले तीन गुण आणि तीन दोष लिही’ या प्रश्नाला उत्तर देताना ते कळलं नसतं. दोषांच्या यादीत मी बहुधा ‘अतिसंवेदनशील’ असं काहीतरी गोंडस लिहिलं असतं.

खरी वाढ दिसते कशात? माझ्या मते, कामात काय बदललं यात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत काम सुरू केलं, पुढे 1957 मध्ये कोसबाडला नेलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा मुलांना शिक्षणाची गोडी नाही असा शेरा मारून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. शाळाच पाड्यावर, अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात गेली. त्या दोघींच्या मनात काय उलथापालथ झाली ते मला सांगता येणार नाही. शाळेची जागा बदलली, हे मात्र सगळ्यांना दिसलं. इंटर्नच्या बाबतीत हे फार छोट्या मापात घडतं. ‘पळू नकोस’ ऐवजी ‘चालत ये’ म्हणू लागणं. उभं राहून हुकूम सोडण्याऐवजी उकिडवं बसून बोलणं. दर दोन मिनिटांनी तोंडातून सुटणारं ‘शाब्बास’ गिळून ‘तू पूल लांब केलास’ एवढंच म्हणणं. चावणाऱ्या मुलाला वाईट न ठरवता, तो चावण्याआधीच्या मिनिटभरात काय झालं होतं ते आठवता येणं. यातलं काहीच छायाचित्रात येत नाही.

आणि कंटाळा. याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. लहान मुलांबरोबरचं काम पुष्कळदा अतिशय कंटाळवाणं असतं. तीच गोष्ट अकराव्यांदा, तोच ठोकळ्यांचा मनोरा, तेच ‘का?’. दुपारपर्यंत डोकं बधिर होतं, आवाजाने आणि वाकून वाकून. ज्याला सांगितलेलं असतं की मुलं म्हणजे निखळ आनंद, तो पहिल्या कंटाळ्यालाच घाबरतो. आपल्यात काही कमी आहे असं समजून जास्त हसू लागतो, जास्त खेळ घेऊ लागतो, मुलांना दमवतो. ज्याच्या हातात वही आहे तो त्याच कंटाळ्यात बसून राहू शकतो, कारण अकराव्या वेळी गोष्ट ऐकणारं मूल पहिल्या वेळच्या मुलासारखं ऐकत नाही. आता ते तुमच्या आधी वाक्य पूर्ण करतं, आणि तुम्ही शब्द बदललात की पकडतं.

आता मीही कधीकधी असे अहवाल तपासते. अलीकडेच एका विद्यार्थ्याचा आला. चार वर्षांची एक मुलगी तांब्यातलं पाणी न सांडता खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला कशी नेते, यावर पावणेदोन पानं. पहिल्या दिवशी ती पाण्याकडे बघत चालली आणि सांडलं. चौथ्या दिवशी तिने समोर बघून चालायला सुरुवात केली. सातव्या दिवशी मध्ये एक मूल आडवं आलं, ती थांबली, पाणी स्थिर होईपर्यंत थांबली, मग चालली. पुढे ‘या इंटर्नशिपमधून तुमच्या व्यक्तिमत्त्वात झालेले बदल’ हा रकाना कोरा होता. कार्यालयातून विचारणा आली: अर्ज अपूर्ण आहे, परत पाठवायचा का? मी पेन्सिल घेतली, सवयीने समासाकडे गेले, आणि तिथे लिहायला काही नव्हतं. सही केली.